वर्गात काय चालले आहे, हे मुलांनाही ठाऊक असावे म्हणून

सामाजिक शास्त्रांच्या तासांना एकाच आठवड्यात इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र अशी तिन्ही अंगे येतात. आज हम्मुराबीचे कायदे वाचायचे, उद्या अक्षांश-रेखांशांचा सराव घ्यायचा आणि परवा नागरिकांच्या हक्कांवर चर्चा करायची, ही सगळी जुळणी शिक्षकाच्या टाचणात व्यवस्थित असते. अकरा ते चौदा वर्षांच्या मुलाच्या वहीत मात्र तिचे सुटे तुकडे उरतात. गणितात उदाहरणसंग्रहाचा क्रमांक सांगितला की गृहपाठ पुरेसा स्पष्ट होतो. आमच्या विषयात नकाशा भरणे, कालरेषा काढणे, एखादा मूळ उतारा वाचून त्यावर मत मांडणे, गटात प्रकल्प करणे अशी परस्परांहून अगदी वेगळी कामे असतात आणि त्यांतले प्रत्येक काम कसे करायचे हे मुलाला वेगळे कळावे लागते. उच्च प्राथमिक वर्गांना हा विषय शिकवताना, वर्गकार्याची माहिती मुलांपर्यंत नीट पोहोचवण्याची पद्धत मी हळूहळू कशी बसवली, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात मी मुलांकडून माहिती घेण्यापासून केली. प्रत्येकाला कोरी चिठ्ठी देऊन तीन प्रश्न विचारले: आपण सध्या कशाचा अभ्यास करत आहोत, यानंतर कोणते काम द्यायचे आहे आणि ते चांगले झाले आहे हे तुम्ही कशावरून ओळखाल? काम कधी द्यायचे हे बहुतेकांना ठाऊक होते. तिसऱ्या प्रश्नापुढे मात्र अनेकांनी जागा मोकळी सोडली होती. एका चिठ्ठीवर लिहिले होते, ‘नकाशा द्यायचा आहे. नीट रंगवायचा.’ तो नकाशा मी नाईल, टायग्रिस-युफ्रेटिस, सिंधू आणि ह्वांग हो या नद्यांच्या खोऱ्यांतच आरंभीच्या नागरी संस्कृती का वाढल्या, हे मुलांच्या लक्षात यावे म्हणून दिला होता. त्या मुलाला काम माहीत होते, पण कामाचे कारण माहीत नव्हते, आणि कारण माहीत नसल्यामुळे रंगवणे हेच त्याच्या दृष्टीने काम झाले होते.

शिक्षण-संशोधक जॉन हॅटी आणि हेलन टिम्परली यांनी २००७ साली अभिप्रायाविषयी लिहिलेल्या लेखात विद्यार्थ्याला तीन प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत, असे मांडले आहे: मला कुठे जायचे आहे, मी आत्ता कुठे आहे आणि पुढचे पाऊल कोणते. चिठ्ठ्या वाचल्यावर या तीन प्रश्नांचे मोल मला नेमके उमगले, कारण शाळांतून दिल्या जाणाऱ्या सूचना बहुधा तिसऱ्या प्रश्नाचेच, तेही अर्धेच, उत्तर देतात.

पहिला बदल वेळेचा होता. तास संपताना सूचना देण्याची रीत सर्वत्र आहे. मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत निरर्थक अक्षरगट पाठ करून, विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत सर्वाधिक असतो, हे दाखवले होते. घंटा वाजत असताना, दप्तर भरता भरता कानावर पडलेली आणि मागच्यापुढच्या कशाशीही न जोडलेली सूचना मुलाने संध्याकाळपर्यंत लक्षात ठेवावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. म्हणून सूचना तासाच्या आरंभी आणली. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट आखली आणि ती आठवडाभर पुसायची नाही, असे सर्व विषयशिक्षकांशी बोलून ठरवले. मुले आत येऊन बसली की पहिली काही मिनिटे ती चौकट वहीत उतरवण्यात जातात. त्यात आजचा प्रश्न, आजचे काम आणि पुढे द्यायचे काम एवढेच असते. चौकट कायम त्याच जागी असणे मला फार महत्त्वाचे वाटते. माहिती कुठे शोधायची हेच जर रोज शोधावे लागले, तर हळू वाचणारे मूल पहिल्या मिनिटालाच मागे पडते.

याच्या जोडीला प्रत्येक घटकाच्या आरंभी एक पानी घटकपत्रक देऊ लागले, जे मुले वहीत त्या घटकाच्या पहिल्या पानावर चिकटवतात. घटकाचा मुख्य प्रश्न, येणारी कामे, त्यांच्या तारखा आणि घटक चाचणीचा दिवस त्यावर असतो. हे पत्रक लिहिताना सर्वाधिक वेळ शब्दांनी घेतला. ‘नकाशा पूर्ण करा’ हे वाक्य शिक्षकाला पुरते, मुलाला पुरत नाही. त्याऐवजी आता असे लिहिते: ‘जगाच्या कोऱ्या नकाशावर विषुववृत्त, कर्कवृत्त आणि मकरवृत्त दाखवा. चार प्राचीन संस्कृतींच्या नद्या निळ्या रेघेने काढून त्यांची नावे लिहा. नकाशाला शीर्षक, दिशा आणि सूची द्या. या नद्या यांपैकी कोणत्या वृत्ताच्या सर्वांत जवळ आहेत ते पाहा आणि तेथील हवामानाबद्दल तुमचा अंदाज दोन वाक्यांत खाली लिहा.’ सूचना लांबली खरी, पण ती वाचून मूल माझ्या मदतीशिवाय काम सुरू करू शकते आणि काम संपल्यावर सूचनेशी ताडून स्वतःच तपासू शकते. ‘अभ्यास करा’, ‘समजून घ्या’, ‘माहिती मिळवा’ ही क्रियापदे मी पत्रकातून पूर्णपणे काढून टाकली. त्यांच्या जागी ‘दाखवा’, ‘तुलना करा’, ‘पुरावा द्या’, ‘क्रम लावा’ अशी, डोळ्यांना काही दिसेल अशी क्रियापदे आली.

खरी अडचण गैरहजर मुलांची होती आणि या भागावर मला सर्वाधिक विचार करावा लागला. हम्मुराबीच्या कायद्यांचेच उदाहरण घेते. इसवी सनपूर्व १७५० च्या सुमारास बॅबिलोनच्या या राजाने दगडी स्तंभावर कोरवलेले कायदे आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. वरिष्ठ वर्गातील व्यक्तीचा डोळा फोडणाऱ्याचा डोळा फोडावा, असा एक कायदा त्यात आहे. पण त्याच माणसाने सामान्य माणसाचा डोळा फोडला, तर एक मिना (त्या काळचे वजनाचे माप) चांदी दिली की भागे. या दोन कायद्यांवर वर्गात मोठी चर्चा होते. लिहून ठेवलेला कायदा सर्वांना सारखा असतो का, हा प्रश्न मुले स्वतःहून काढतात आणि नागरिकशास्त्राचा पुढचा घटक तिथूनच सुरू होतो. त्या दिवशी घरी असलेल्या मुलाने मित्राची वही उतरवली, तर त्याला दोन कायदे मिळतात, पण चर्चा मिळत नाही.

त्यासाठी आम्ही वर्गनोंदवही सुरू केली. रोज एक विद्यार्थी पाळीने त्या तासाची नोंद लिहितो. सुरुवातीच्या नोंदी ‘आज बाईंनी हम्मुराबीचा धडा शिकवला. सर्वांनी उत्तरे दिली’ अशा असत. मग नोंद लिहिणाऱ्यासाठी तीन गोष्टी ठरवल्या: आज कोणत्या प्रश्नावर बोललो, त्यावर कोणती वेगवेगळी मते आली आणि कोणता मुद्दा उद्यावर राहिला. त्यानंतर एका मुलीने लिहिले, ‘काहींचे म्हणणे होते की कायदा दगडावर कोरला म्हणजे राजालाही तो बदलता येणार नाही. काहींनी विचारले की सगळ्यांना वाचता येत होते का? हा प्रश्न राहिला आहे.’ गैरहजर मुलाला ही नोंद वाचून पुढच्या तासाला चर्चेत भाग घेता येतो. लिहिणाऱ्या मुलाचाही लाभ होतो, कारण त्या तासाला त्याला इतरांचे बोलणे मन लावून ऐकावे लागते. मी दररोज नोंद वाचून त्याखाली सही करते आणि तपशील चुकला असेल तर त्या मुलाशी बोलून त्याच्याच हातून दुरुस्त करवते.

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आणि गुगल क्लासरूम या दोन्हींचा उपयोग मी करते, परंतु तेथे फळ्यावरची चौकट आणि घटकपत्रक यांची प्रतच जाते, नवी सूचना कधीही जात नाही. प्रत्येक मुलाकडे फोन किंवा इंटरनेट असेलच असे नाही आणि रात्री फोनवर आलेली सूचना ज्याला मिळाली नाही, तो सकाळी विनाकारण अपराधी ठरतो. शिवाय पालकांना सगळे आधी कळले की मूल आपल्या कामाची माहिती आईवडिलांना विचारू लागते. या वयात ती जबाबदारी त्याच्या हातात यायला हवी. कोणाचे काम राहिले, कोणाला किती गुण मिळाले हे मी ग्रुपवर किंवा भिंतीवर लावत नाही. ते त्या मुलाच्या वहीतच लिहून देते.

तपासलेल्या कामाविषयीही थोडे सांगायला हवे. शिक्षण-संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८ सालच्या प्रयोगात केवळ लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांची पुढच्या कामातील प्रगती, गुण आणि अभिप्राय एकत्र मिळालेल्या मुलांपेक्षा चांगली आढळली होती. वर्गातही तसेच दिसते. गुण दिसले की त्याखालची ओळ कोणी वाचत नाही. म्हणून मी आधी अभिप्राय लिहिलेली वही परत करते, ती वाचून एक दुरुस्ती करायला तासातलाच वेळ देते आणि गुण त्यानंतर सांगते.

दीर्घ प्रकल्पांची नुसती अंतिम तारीख कधीही जाहीर करत नाही. विषय ठरवणे, साधने गोळा करणे, कच्चा आराखडा, पक्का मसुदा अशा प्रत्येक टप्प्याची तारीख पत्रकावर असते आणि आराखडा पाहिल्याशिवाय गटाने पुढे जायचे नाही, असा नियम आहे. एखादी तारीख बदलावी लागली तर जुनी तारीख पुसत नाही. तिच्यावर रेघ मारून शेजारी नवी तारीख आणि बदलाचे कारण लिहिते, आणि तीच दुरुस्ती मुले त्याच दिवशी आपापल्या वहीतील पत्रकावर करतात. मी रजेवर असले तर बदली शिक्षकही घटकपत्रक आणि वर्गनोंदवही पाहूनच तास घेतात.