मामाजींची वही

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची शेतातली पूजा, झाली की आमच्या घरी कापूस वेचणी लागते, आणि वेचणी लागली की मामाजींची वही निघते. माझे सासरे 78 वर्षांचे, गाव दारव्ह्याकडचं. संध्याकाळी बाया गाठोडी घेऊन छपरीत येतात, काटा लागतो. साडेतेवीस किलो, बारा रुपयांनी? "दोनशे ब्याऐंशी." पेन टेकायच्या आत आकडा तयार. लहानपणी पाठ केलेले अपूर्णांकांचे पाढे, पावकी, निमकी, औटकी, अजून जिभेवर आहेत.

गेल्या वर्षी एकीचं वजन दुसरीच्या नावावर चढलं. अंगणात कटकट झाली. माझ्या नवऱ्यानं वही घेतली, "बाबा, राहू द्या आता, मी मोबाइलात लिहितो." मीही हो म्हटलं. वाटलं, त्यांना आराम मिळाला.

दोन महिन्यांत माणसानं बाज धरली. कापसाचा भाव विचारीनात, संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला जाईनात. नात काही बोलली तर नुसतं "हाव" म्हणायचे. वय झालं, असं सगळेच म्हणाले. मला पटेना, म्हणून तालुक्याला दाखवलं. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं! त्या दोघींची नावं कानाला सारखीच लागतात. चूक कानाची होती, डोक्याची नव्हती. ते कळलं त्या रात्री मला झोप आली नाही.

मग मी वाचायला लागले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या 2024 च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची 14 कारणं अशी दिली आहेत, की ज्यांना आवर घालता येतो; ती सगळी दूर झाली तर जवळपास 45 टक्के रुग्णांचा आजार टळू शकतो किंवा लांबू शकतो. त्यात कमी ऐकू येणं आहे, एकटं पडणंही आहे. न्यूयॉर्कमध्ये 75 वर्षांवरच्या 469 जणांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली होती. 2003 साली छापलेल्या त्या अभ्यासात वाचणारे, पटावरचे खेळ खेळणारे, वाद्य वाजवणारे यांच्यात हा आजार कमी दिसला. आता, ज्याचं डोकं शाबूत तोच जास्त खेळणार, हेही खरं. म्हणून मी कोणाला हमी देत नाही. पण म्हाताऱ्या माणसाच्या हातातलं डोक्याचं काम मायेपोटीसुद्धा काढून घेऊ नका, एवढं मी कळवळून सांगते.

मैत्रिणीनं सुडोकूचं पुस्तक दिलं होतं. मामाजींनी दोन दिवस पाहिलं अन् ठेवून दिलं. त्यात कोणाची मजुरी अडलेली नव्हती.

यंदा कानात मशीन आहे आणि मांडीवर वही. नात शेजारी मोबाइल घेऊन बसते, रोज दोघांचा ताळा पाहते. कधी मामाजी दोनदा विचारतात, "कोनाचं?" बाया मोठ्यानं नाव सांगतात आणि लिहून होईपर्यंत काट्यावरचं गाठोडं हलवत नाहीत.

परवा नातीनं विचारलं, "आबाजी, औट म्हंजे?"

"साडेतीन. म्हन, दोन औटं सात, तीन औटं साडेदहा, चार औटं..."

ती अडली. गाठोड्याची गाठ सोडता सोडता एक बाई म्हणाली, "चवदा."