तुम्ही विचारलंत म्हणून: कोळसा गेला, मग डोंगर कुठून आला?

यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीहून चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसकडे, कोळसा खाणींच्या पट्ट्यातून येणारा पाहुणा सपाट माथ्याचे ते राखाडी डोंगर बघून हमखास विचारतो, "कोळसा तर नेला, मग एवढी माती उरली कशी? आणि उरलीच, तर त्याच खड्ड्यात का नाही टाकत?"

समजा, उघड्या खाणीत 1 टन कोळशासाठी वरची 4 घनमीटर माती-दगड काढावी लागली. कोळशाची स्वतःची जागा जेमतेम पाऊण घनमीटर, म्हणजे खड्डा पावणेपाचचा. पण सुरुंगानं फोडलेला रेतीचा दगड साधारण चौथाईनं फुगतो, 4 चे 5 होतात. सगळं परत टाकलं तर खड्डा भरून वर ढीग उरेल!

तरी खड्डा राहतोच. सुरुवातीची माती आत टाकता येत नाही, खाली कोळसा असतो. ती शेजारच्या शेतांवर पडते. तळ मोकळा झाला की मागून भराव सुरू होतो आणि खाण पुढे सरकते. शेवटच्या खड्ड्यापाशी पोचेपर्यंत माती दूरच्या डोंगरात अडकलेली असते. ती पुन्हा उचलायची तर दुप्पट डिझेल. म्हणून तिथे पाणी साचतं. त्याला तलाव म्हणतात खरं, पण काठ इतके उभे की उतरलेलं जनावर वर येत नाही.

ढिगाचा उतार नियमानं 37.5 अंशांच्या आत आणि एकेक टप्पा 30 मीटर उंचीपर्यंतच हवा. ढीग काळ्या मातीवरच रचला, तर पावसात ती साबणासारखी होते आणि पायथा सरकतो. ही काळी माती आधी खरवडून वेगळी ठेवायची असते. न ठेवल्यास ती तळाशी गाडली जाते, खालचा दगड माथ्यावर येतो आणि त्यावर वेडी बाभूळ माजते. कापूस विसरा.

जुन्या भुयारी खाणींत हाच फुगवटा उपयोगी पडतो. 3 मीटर उंच बोगद्याचं छत कोसळत वर सरकलं, तर पडलेला दगड फुगून साधारण 12 मीटरवर पोकळी आपोआप बुजते. वर तेवढा पक्का दगड नसेल, किंवा पडलेला चुरा पाणी वाहून नेत असेल, तर भोक थेट जमिनीवर निघतं. रेती भरून बंद केलेल्या बोगद्यांत हा धोका बराच कमी. 2022 च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसला अख्खं घर अशाच भोकात खाली गेलं.

जुन्या बोगद्यांवरच्या शेतात पावसाळ्यात गोल भेगा पडल्या, किंवा साचलेलं पाणी एकाच जागी गडप होऊ लागलं, तर आधी ट्रॅक्टर बाहेर काढा.