आवळा, कुंथा, सोडा

मृगाचा पाऊस नुकताच लागला होता. डिचोलीतल्या माझ्या दवाखान्यात एक भजनीबुवा आले आणि खुर्चीच्या कडेला एका अंगावर टेकले. "डॉक्टर, मांडी घालून बसवत नाही. श्रावणात वास्कोचा सप्ताह. पेटी काय उभ्याने वाजवू?" दोन वर्षांत गुदाशेजारचं गळू तीनदा फुटलं होतं, दर वेळी गोळ्यांवर भागलं होतं. भगंदर: गुदाच्या आतून बाहेरच्या कातडीपर्यंत पडलेली पुवाची वाट. एमआरआयत ती वाट बाह्य स्फिंक्टरच्या, म्हणजे गुद मिटणाऱ्या बाहेरच्या कड्याच्या, स्नायूतून आरपार गेलेली दिसत होती.

माझ्याकडे शल्य शिकायला येणाऱ्या तरुण डॉक्टरने विचारलं, "मॅडम, संवरणी म्हणजे बाह्य स्फिंक्टरच ना?"

प्राचीन शल्यतज्ज्ञ सुश्रुत गुदाच्या तीन वळी सांगतो, संवरणी त्यांतली एक. हे समीकरण आम्ही सगळ्यांनीच पाठ केलेलं. कुणी तर गुदाच्या तीन वळी म्हणजे जॉन हाउस्टनने 1830 साली वर्णन केलेल्या मलाशयाच्या तीन घड्या, असंही लिहितात. मला ते कधीच पटलं नाही. सुश्रुताचं गुद साडेचार अंगुळांचं, म्हणजे साधारण 8 सेंटिमीटर. आजची गुदनलिका जेमतेम 4. तेव्हा सुश्रुताच्या गुदात मलाशयाचा खालचा भागही येतो, हे खरं. पण हाउस्टनची सर्वांत वरची घडी त्या मापाच्याही पलीकडे राहते. तीनाला तीन जुळले एवढंच.

उत्तर न देता मी बुवांना डाव्या कुशीवर निजवलं, बोट आत घातलं. "बुवा, आवळा." बोटाभोवती कडं घट्ट झालं. "आता कुंथा." वरून दाब आला. "सोडा." कडं सैलावलं. मग त्या तरुण डॉक्टरलाही तपासायला लावलं. प्रवाहणी, विसर्जनी, संवरणी: ढकलणारी, सोडणारी, मिटणारी. ही नावं मांसाच्या थरांची नाहीत, कामांची आहेत. ती बोट तसंच ठेवून क्षणभर गप्प राहिली.

मला वाटतं, यामागे शवविच्छेदनाची रीतही असावी. सुश्रुत प्रेत सात रात्री संथ पाण्यात ठेवायला सांगतो आणि मग वाळा, केस, वेळू यांच्या कुंचल्याने हळूहळू घासत एकेक थर बघायला. अशा कुजलेल्या देहात नाजूक अंतस्त्वचा टिकणार कशी? दंतुर रेषा, म्हणजे गुदनलिकेतली आतली दोन अस्तरं जिथे जुळतात ती रेषा, त्याच्या ग्रंथात सापडत नाही याचं मला म्हणूनच नवल वाटत नाही. पण आम्हाला तिच्यावाचून चालत नाही. तिच्या वर टोचलेलं कळत नाही, खाली जीव कळवळतो. आणि बहुतेक भगंदरांचं मूळ तिच्याजवळच्या ग्रंथींत असतं.

दुपारी कमरेत भूल दिली. तरुण डॉक्टरने भगंदराच्या बाहेरच्या तोंडातून एषणी, म्हणजे वाट शोधायची सळई, घातली, ती सरळ वर निघाली. मी मनगट धरलं. जोर लावला असता तर नसलेली वाट तयार झाली असती. एषणी काढून मेथिलीन ब्लू हा निळा रंग सोडला. पाठीमागे, मधोमध, दंतुर रेषेवर निळा ठिपका उमटला. मग एषणी अलगद वळवत तिथे नेली आणि तिच्यामागून क्षारसूत्र ओवलं: 20 नंबरचा लिननचा दोरा, निवडुंगाच्या चिकाचे 11 लेप, चीक आणि आघाड्याच्या क्षाराचे 7, चीक आणि हळदीचे 3. कृश, दुर्बळ, भित्र्या माणसाची नाडी, म्हणजे अशी पुवाची वाट, किंवा मर्माच्या आश्रयाची, शस्त्राने न कापता क्षारसूत्राने छेदावी, असं सुश्रुत सांगतो. गुद हे सद्यःप्राणहर मर्म, म्हणजे इजा होताच प्राण घेणारी जागा. एमआरआयत जो स्नायू दिसत होता, तोही एका घावात कापायचा नव्हता.

दर आठवड्याला बुवा यायचे. जुन्या दोऱ्याला नवा बांधून ओढून घ्यायचा आणि निघालेला मोजायचा. वाट सुरुवातीला 5 सेंटिमीटर होती. दोरा कापत पुढे सरकायचा, मागे जखम भरत यायची. दुसऱ्या आठवड्यात फार दुखलं. त्यांनी दोरा काढून टाका म्हणून हात जोडले, तेव्हा मी रोज गरम पाण्यात बसायला लावून कशीबशी समजूत घातली.

सातव्या आठवड्यात दोरा आपणच सुटून आला. मी पुन्हा बोट घातलं. "बुवा, आवळा." पहिल्या दिवशीसारखंच घट्ट. तरुण डॉक्टर माझ्याकडे बघत होती. मी बाजूला झाले आणि तिला तपासू दिलं.