फळ्यावरचे ४० पौंड

नववीत असताना एका शनिवारी शेवटच्या तासाला आमच्या इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर व्याजाचे गणित मांडले. मुद्दल १००० पौंड, दर द.सा.द.शे. ४, तर वर्षाचे व्याज किती? उत्तर ४० पौंड आले. मग बाईंनी त्याखाली १०,००० हा आकडा लिहिला आणि त्याला ४० ने भागायला सांगितले. भागाकार २५० आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "डार्सीला एका वर्षात जेवढे मिळते, तेवढे जमवायला एलिझाबेथला अडीचशे वर्षे लागतील. आता पुढचे प्रकरण ऐका."

आमची शाळा मराठी माध्यमाची. पाचवीत एबीसीडी गिरवू लागलेल्या आम्हांला जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही १८१३ सालची कादंबरी मुळातून झेपणे शक्यच नव्हते. एलिझाबेथ बेनेट ही तिची नायिका आणि श्रीमंत डार्सी हा नायक. बाई ती दर शनिवारी थोडी इंग्रजीतून वाचत आणि बरीचशी मराठीतून सांगत. त्यांच्या खाकी कव्हर घातलेल्या प्रतीत जिथे पैशाचा आकडा येई तिथे समासात पेन्सिलीची उभी रेघ होती. पहिल्या बाकावरून मला ती दिसे, आणि रेघ आली की बाई खडू हातात घेणार हे कळे. प्रेमकथा ऐकायला उत्सुक असलेल्या आम्हां मुलींना त्या हिशेबांचा सुरुवातीला कंटाळा येई. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले, तेव्हा मात्र सगळ्यात आधी त्या रेघाच आठवल्या.

बेनेट कुटुंबाच्या लाँगबर्नच्या मिळकतीतून वर्षाला २००० पौंड येत, पण पाच मुलींपैकी एकीलाही ती मिळणार नव्हती. मिळकत पुरुष वारसाकडेच जाईल अशी तजवीज आधीच करून ठेवलेली असल्यामुळे बापाच्या पश्चात ती कॉलिन्स नावाच्या दूरच्या भाऊबंदाकडे, एका पाद्र्याकडे, जाणार होती. हा कॉलिन्स एलिझाबेथला मागणी घालतो तेव्हा तिच्या नावचे १००० पौंड, त्यावरचा ४ टक्के दर आणि तेही आईच्या मृत्यूनंतरच हाती येणार, हे सगळे तिला ऐकवतो. म्हणजे आमच्या फळ्यावरचे गणित मूळचे त्या नवरदेवाचेच होते. एलिझाबेथ ते ऐकूनही नकार देते, आणि तिचे धाडस किती मोठे होते ते आम्हांला त्या ४० पौंडांमुळे समजले.

तिने नाकारलेल्या कॉलिन्सला तीन दिवसांच्या आत तिची मैत्रीण शार्लट लुकस होकार देते, तेव्हा आमचा सगळा वर्ग तिच्यावर चिडला. मीही चिडले होते. बाईंनी तिची बाजू घेतली नाही. या लग्नाने लुकसांच्या घरात कोणाकोणाची सोय झाली ते वहीत लिहा, एवढेच सांगितले. शार्लट सत्तावीस वर्षांची, दिसायला साधी. तिचे वडील मेरिटनमध्ये व्यापार करत होते. महापौर असताना राजाकडून 'सर' हा किताब मिळाला आणि दुकानदारी त्यांना कमीपणाची वाटू लागली. व्यापार सोडून ते गावाबाहेर राहायला गेले. मान वाढला, पण मुलीला देण्यासारखे फारसे उरले नाही. लग्न ठरताच धाकट्या बहिणींना आपल्यालाही लवकर समाजात वावरता येईल अशी आशा वाटते, बहीण जन्मभर अविवाहित राहील ही भावांची भीती जाते, आणि आई तर बेनेट अजून किती वर्षे जगतील याचा अंदाज बांधू लागते. माझ्या वहीचे पान भरले, पण त्यात शार्लटच्या स्वतःच्या सुखाबद्दल एक ओळ नव्हती. तिने स्वतः मागितले होते ते फक्त एक सुखाचे घर.

पुढे महाविद्यालयात शार्लट ब्राँटेची १८४७ सालची 'जेन एअर' वाचताना मी नकळत पेन्सिल हातात घेतली. गव्हर्नेस, म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवणारी बाई, म्हणून जेनचा वर्षाचा पगार ३० पौंड, म्हणजे एलिझाबेथच्या व्याजापेक्षाही कमी. नंतर तिला काकाकडून २०,००० पौंड मिळतात, ती त्याचे चार सारखे वाटे करून एक आपल्याकडे ठेवते आणि तिचा पूर्वीचा मालक व प्रियकर रॉचेस्टर याच्याकडे परत जाते ती स्वतःच्या पैशाची मालकीण म्हणून. हा प्रसंग मला फार प्रिय आहे. पण तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे, वेगळा विश्वस्त करार केलेला नसेल तर, विवाहितेचा पैसा नवऱ्याचा होई. तिची कमाई तिची स्वतःची ठरायला १८७० साल उजाडले आणि सगळी मालमत्ता तिच्या नावावर राहू शकेल असा कायदा १८८२ साली झाला. या कादंबऱ्यांतल्या नायिकांना तो लाभला नाही.

मी आता दिवाणी वकिली करते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हक्क देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली. तरीही भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायला आलेल्या बहिणी मी अजूनही पाहते. माहेर तुटू नये म्हणून सही करते, असे त्यांच्यापैकी कोणी सांगते, तेव्हा मला शार्लटवर चिडलेला आमचा वर्ग आठवतो.

बाईंनी शार्लटचा निकाल कधीच दिला नाही. मला स्वतःला ती त्या कादंबरीतली सर्वांत खरी व्यक्ती वाटते, एलिझाबेथपेक्षाही, कारण एलिझाबेथला डार्सी भेटला. शार्लटला दुसरे कोणी भेटणार नव्हते आणि ते तिला ठाऊक होते. शार्लटच्या लग्नानंतर एलिझाबेथ तिच्या घरी, केंट परगण्यात, राहायला जाते. समोरची मोठी, ऐसपैस खोली सोडून शार्लट मागच्या बाजूच्या खोलीत का बसते, याचे तिला आधी नवल वाटते. मग कारण लक्षात येते: कॉलिन्सची अभ्यासिका रस्त्याकडे तोंड करून आहे, येणारीजाणारी वाहने बघण्यात तो तिथे रमतो, आणि बायको तितक्याच चांगल्या खोलीत बसली असती तर तो तिच्याकडे सारखा येऊन बसला असता. नवऱ्याने बागेत काम करावे म्हणूनही ती आग्रह धरते. प्रकृतीला चांगले असते, असे म्हणते. त्या पानावर एकही पौंड नाही, तरी बाईंच्या प्रतीत तिथे समासात रेघ होती.