चर क्र. 2: ‘मेलेला’ पाइप वाहता निघाला

मोरीच्या सांडपाण्याची वाट शोधताना या चरात 45 सेंमी खोलीवर लागलेला 4 इंची खापरी (भाजलेल्या मातीचा) पाइप आधी मेलेला, म्हणजे वापरात नसलेला, धरला होता. साफ चूक. रंगाच्या पहिल्या चाचणीत (मोरीत रंगीत पाणी सोडून ते चेंबरमध्ये उतरतं का बघायचं) दोनच मग पाणी सोडलं होतं. तेवढं उघड्या सांध्यांतून मातीतच जिरतं. या वेळी 20 लिटरच्या दोन बादल्या एकदम ओतल्या आणि चेंबरमध्ये हिरवी धार उतरली. सॉकेटची, म्हणजे पुढची नळी जिच्यात बसते त्या रुंद टोकाची, तोंडं मोरीकडे आहेत, म्हणजे प्रवाहाची दिशाही जुळते.

तेव्हा पहारीने फुटलेली 60 सेंमीची नळी बदलणं आलं. दोन्ही अंगांना जुना पाइप पक्का, त्यामुळे नवा तुकडा सॉकेटमध्ये सारता येत नाही. दोन सरकते रबर कपलर (दोन पाइप जोडणारे, पट्ट्यांनी आवळायचे रबरी तुकडे) लागतात. पीव्हीसी बाहेरून 110 मिमी, खापरी 128, म्हणून दोन मापांचाच कपलर. आत मधोमध कड असलेला घेऊ नका, तो नव्या तुकड्यावर पूर्ण मागे सरकत नाही आणि मग तुकडा जागेवर उतरतच नाही.

वरचा (मोरीकडचा) सांधा पहिल्याच फटक्यात कोरडा! खालचा (चेंबरकडचा) तीनदा गळला. पट्टे आलटून पालटून आवळले, जुन्या सिमेंटची ढेकळं तासली, व्यास चार ठिकाणी मोजला (126 ते 130, एवढं रबर सांभाळून घेतं), तरी थेंब चालूच. शेवटी मडकं वाजवतात तसा पाइप वाजवला. वरचं टोक खणखणीत, खालचं बद्द. सॉकेट छाटताना चेन कटरने केसाएवढी चीर पाडली होती, टोकापासून थेट 35 सेंमी. पाणी कपलरखालून त्या चिरेने पलीकडे निघत होतं. चेन कटर पाइप कापत नाही, आवळून तोडतो; नव्या पाइपला ठीक, पण जुन्या खापरीत आधीच कमजोर जागा असली की चीर लांबीने पळते. खापरीला ग्राइंडर आणि डायमंड चकतीच बरी: पाणी मारत आधी पूर्ण घेरात खाच, मग आरपार. (चर क्र. 1 मधल्या राखाडी पाइपला चकती लावायची नाही. तो ॲस्बेस्टॉस सिमेंटचा असू शकतो.)

चिरेपुढे कापलं तर उरलेलं बोटभर टोक पुढच्या जुन्या सांध्यावर डुगडुगणार. हे लिहितानाच सुचलं: तिथून चेंबरपर्यंतचे 3 मीटर सरळ पीव्हीसीच का टाकू नये? खालचा कपलरच बाद होतो, आणि कोरडा सांधा तेवढा राहतो. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) मोजून 3 मीटरला 75 मिमी ढाळ मिळतोय, म्हणजे 1:40, हवा तेवढाच. खाली 10 सेंमी बारीक खडी. विटांच्या तुकड्यांवर टेकवलेला पाइप त्याच ठिकाणी दबतो. माती लोटण्याआधी चेंबरकडे बूच मारून, पाणी भरून अर्धा तास पातळी बघायची.

70 सेंमी खोलीवर लागलेल्या, नुसत्या टोकाला टोक लावलेल्या बिनसॉकेटच्या नळ्या बुजवायचा बेत होता. तो रद्द. त्या जमिनीतलं पाणी ओढतात. बुजवल्या तर तेच पाणी या नव्या चरात येऊन साचेल.