खाडीसाठी बोट निवडताना

आईच्या सत्तरीनिमित्त एक सकाळ पाण्यावर घालवायची असे ठरले आणि ऐरोलीच्या आमच्या घरात पुढचे तीन आठवडे बोटीखेरीज दुसरा विषय निघाला नाही. भाच्याला गेटवेहून भाड्याने मिळणारी शिडाची बोट हवी होती, तर भावाला वेगवान मोटरबोट. आईचे म्हणणे एवढेच होते की, गच्चीवरून दिसणारा रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा गुलाबी पट्टा एकदा जवळून पाहायचा आहे.

शिडाच्या बोटीची ओढ मलाही होती. परंतु वाऱ्याने बोट उलटू नये म्हणून तिच्या तळाशी जो जड कणा असतो, त्याला साधारण दीड मीटर किंवा त्याहून अधिक पाणी लागते. मुंबई बंदरात ते मिळते, आमच्या गाळाने भरलेल्या ठाणे खाडीच्या काठाशी मिळत नाही. शिवाय वाशीच्या पुलांखालून डोलकाठी नेण्याचा प्रश्न उरतोच. दोन सांगाड्यांची कॅटमरान कमी पाण्यात चालते व फारशी कलत नाही, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसांना ती फार सोयीची असते, आणि मुंबई बंदरापलीकडच्या मांडव्याला जायचे असते तर मी तीच घेतली असती. मोटरबोटीचा विचार मात्र मी लगेच सोडला, कारण तिच्या आवाजाने आणि लाटांनी चरणारे थवे उठतात, आणि ते मला मनापासून गैर वाटते.

शेवटी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या, कमी पाण्यात चालणाऱ्या लहान बोटीतील बहुतेक आसने आम्हीच घेतली. ही खाडी 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाली आणि 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आली. सुमारे 1,690 हेक्टरच्या या क्षेत्रात निम्म्याहून अधिक कांदळवन आहे.

दिवस ठरवताना दिवा कोळीवाड्यातले एक ओळखीचे काका म्हणाले, "ताई, बोट मागाहून बघा, आधी तिथी बघा." तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब त्यांनी आईला समजावला. आईने लगेच दिनदर्शिका काढली आणि माघ शुद्ध द्वादशी निवडली : बारा पाऊणे नऊ, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास भरती. केंद्राच्या फेऱ्याही भरतीप्रमाणेच ठरतात, त्यामुळे वेळ जुळली.

भरती असताना चिखल पाण्याखाली होता आणि पक्षी तुरळक दिसत होते. भाचा हिरमुसला. मग ओहोटी लागली, कांदळवनाच्या कडेने राखाडी चिखलाची एक अरुंद पट्टी उघडी पडली, आणि थव्यामागून थवे तिच्यावर उतरू लागले. धाकट्या रोहितांच्या चोची गडद, मोठ्या रोहितांच्या फिकट गुलाबी व टोकाला काळ्या, हा फरक दुर्बिणीशिवाय कळत होता. तांडेलाने इंजिन बंद केले. चोची उलट्या धरून पाणी गाळताना होणारी बारीक चुळबुळ ऐकू येत होती, आणि कठड्याला धरून बसलेली आई कितीतरी वेळ एक शब्द बोलली नाही.

पाणी उतरत चालल्यामुळे तांडेलाने वीस मिनिटांत बोट वळवली. धक्क्यावर उतरताना आईने पुढची द्वादशी कधी येते ते विचारले.