ताळा जुळला नाही

सोमवार, रात्री उशिरा

कालची बैठक साडेतीन तास चालली. बैठक म्हणजे फोनवरच, आम्ही पाच जण, दर रविवारी. घरात कुणी विचारलं तर ‘ग्रुप कॉल आहे’ एवढंच सांगते. ‘सापडलेली हाडं कुणाची ते शोधतोय’ असं एकदा खरं सांगून पाहिलं होतं. समोरच्याने विषय हवामानावर नेला.

सध्या हातात असलेली केस ग्रामीण भागातली. लागवडीची जमीन संपून रान सुरू होतं, त्या हद्दीवर काही वर्षांपूर्वी सापडलेली हाडं. कुठलं गाव, कुठला जिल्हा, ते इथे लिहीत नाही. तपास अजून बंद झालेला नाही, आणि वही काय, कुणाच्याही हाती पडते. कवटी मिळाली, खालचा जबडा तिच्यापासून थोडा लांब. मांडीची दोन्ही हाडं, कमरेचं हाड, डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत. हाताची बोटं, पावलं, बऱ्याच बरगड्या नाहीत. एक बूट, एक चेन, आणि पॉलिएस्टरचा ब्लाउज. सुती काही अंगावर असेल तर ते केव्हाच मातीत गेलं. पॉलिएस्टर मात्र माणसापेक्षा जास्त टिकतं.

नकाशेकाकांचं (पाचही जणांना आम्ही नावं पाडून ठेवली आहेत, खरी नावं कुणी विचारत नाही) म्हणणं असं, की हाडं सापडली ती जागा म्हणजे बाई पडली ती जागा नव्हेच. कवटी गोल, ती उताराने घरंगळते, पावसाच्या पाण्याबरोबर ओहोळात उतरते. लहान हाडं कुत्री-कोल्ही नेतात, उंदीर-घुशी कुरतडतात आणि हाडावर समांतर बारीक खाचा सोडतात. तेव्हा आधी पाण्याची वाट विचारा, माणसांची नंतर. मग ते अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशरमधल्या बेअर ब्रुकवर घसरतात, दर वेळी घसरतात. १९८५ मध्ये रानात एका पिंपात दोन मृतदेह सापडले. दुसरं पिंप तिथून जेमतेम शंभर मीटरवर होतं, ते सापडलं २००० मध्ये. पंधरा वर्षं! ‘म्हणून सांगतो, परिघ वाढवा,’ काका म्हणतात. आम्ही परिघ वाढवून करणार काय, आम्ही तर खुर्चीतून उठतही नाही. पण हे त्यांना कोण सांगणार. बेअर ब्रुकच्या चौघींपैकी तिघींची नावं पुढे एका ग्रंथपाल बाईने शोधली, बेपत्ता नातेवाइकांबद्दल लोकांनी लिहिलेले जुने निरोप वाचत बसून. तीही खुर्चीतूनच.

माझं काम सोपं आहे. मी दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासते, रात्री हे तपासते. दोन वह्या असतात. एकीत नाव आहे, माणूस नाही. दुसरीत माणूस आहे, नाव नाही. दोन्ही एकमेकींसमोर ठेवून ताळा बघायचा. अमेरिकेत अशी सरकारी नोंद आहे, नेमअस, तिच्यात दोन्ही बाजू एकाच छपराखाली आणल्या आहेत. त्यांच्या न्याय खात्याचा एक जुना अंदाज होता, वर्षाला सुमारे ४,४०० अनोळखी मृतदेह, आणि त्यातल्या हजारेकांची ओळख वर्ष उलटलं तरी पटत नाही. आपल्याकडे पोलिसी भाषेत ‘बेवारस’ म्हणतात. मला तो शब्द खटकतो. वारस असतो बहुतेक वेळा. तो दुसऱ्याच वहीत बसलेला असतो.

असो. मुद्दा हा की काल मी त्यांना सांगितलं, माझ्याकडे एक नाव आहे.

मंगळवार

शेजारच्या जिल्ह्यातून बेपत्ता झालेली बाई. तेव्हा वय ३६. उंची १६० सेंटिमीटर. हाडांवरून काढलेली उंची १५५ ते १६३, वय ३० ते ४५. आणि नोंदीत शेवटी एक ओळ: लहानपणी डावा हात मोडला होता. आपल्या सांगाड्याच्या डाव्या हाताला, मनगटाच्या थोडं वर, जुनं भरून आलेलं मोडलेपण आहे. हाड जुळताना तिथे गाठ धरते, ती स्पष्ट दिसते म्हणे.

फोटोत ती एका भिंतीला टेकून उभी आहे. हनुवटी वर, हसू नाही पण येऊ घातलेलं. डावा हात पाठीमागे. मी तो फोटो इतका मोठा करून पाहिला की नुसते चौकोन दिसायला लागले. मोडलेला हात लपवायची सवय असणार, असं मी ठरवूनही टाकलं.

परवा हे सांगितल्यावर सगळे गप्प झाले. मग नर्सताई बोलल्या.

‘कितव्या वर्षी मोडला होता?’

‘नऊ.’

‘अगं, मग गाठ कशी राहील? नवव्या वर्षी मोडलेलं मनगट वाढत्या वयात स्वतःला घडवून घेतं. पस्तिशीत एक्स-रे काढलास तरी माग लागेल की नाही शंका. ही गाठ दिसतेय म्हणजे मोठेपणी मोडलेला हात असणार.’

त्या चाळीस वर्षं हाडांच्या वॉर्डात होत्या. कॉलरबोनचं आतलं टोक सगळ्यांत शेवटी जुळतं, पार विशीच्या अखेरीस, हेही त्यांनीच आम्हाला शिकवलं. त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे माझं धाडसच. पण घातला. म्हटलं, ताई, तज्ज्ञ चुकतात. टेनेसीच्या विल्यम बास यांची गोष्ट काढली. मानवी देह कसा कुजतो याचा उघड्यावर अभ्यास करायची पहिली जागा ज्यांनी उभी केली, ते बास. १९७७ मध्ये एका उकरलेल्या थडग्यापाशी त्यांना बोलावलं होतं. मांस अजून गुलाबीसर दिसत होतं. त्यांनी सांगितलं, मरून वर्षही झालं नसेल. तो निघाला कर्नल शाय, १८६४ मध्ये यादवी युद्धात पडलेला! ओतीव लोखंडाची बंद शवपेटी, त्यात देह टिकवायची रसायनं. ११३ वर्षांची चूक, आणि बास यांनी ती स्वतः जगाला सांगितली. त्यांच्या त्या संशोधन-जागेला या चुकीनेच तर जोर आला.

मग टेंट गर्ल. १९६८ च्या मे महिन्यात केंटकीत जॉर्जटाउनजवळ एक विहिरी खोदणारा माणूस तारेच्या खांबांवरचे जुने काचेचे इन्सुलेटर शोधत फिरत होता, त्याला ताडपत्रीत गुंडाळलेला देह सापडला. वय लावलं १६ ते १९. तीस वर्षं सगळे किशोरवयीन मुलगी शोधत राहिले. त्या माणसाच्या जावयाने, टॉड मॅथ्यूजने, १९९८ मध्ये बहिणीला शोधणाऱ्या एका बाईचा निरोप वाचला आणि ताळा लागला. ती २४ वर्षांची होती. कुणाची तरी आई होती. वयाच्या त्या कंसावर विश्वास ठेवून किती जणांनी तिला गाळलं असेल?

हे सगळं मी इतक्या तडफेने सांगितलं की नर्सताई म्हणाल्या, ‘बरं बाई, पाठव.’

आज वही लिहिताना दिसतंय, की मी दोन्ही गोष्टी वकिलासारख्या वापरल्या. कंस माझ्या बाजूने आला तेव्हा तो पुरावा. तोच आड आला तेव्हा तज्ज्ञ चुकतात. कुणा ग्राहकाने असा हिशेब माझ्यापुढे ठेवला असता तर मी लाल पेन काढलं असतं.

गुरुवार

माहिती तपास अधिकाऱ्यांकडे पाठवली. सहा ओळी, दोन्ही नोंदींचे क्रमांक, जुळणाऱ्या गोष्टी, न जुळणाऱ्या गोष्टी. न जुळणाऱ्यांत हाताचं लिहिलं, पण शेवटी लिहिलं.

आमच्यात एक नियम आहे, एकच, पण तो मोडला की माणूस बैठकीतून बाहेर. घरच्यांशी संपर्क करायचा नाही. कधीच नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं फोन वाजला की दचकायचं, त्यांना एका अनोळखी हौशी बाईने ‘मला वाटतं’ म्हणून फोन करायचा नाही.

शनिवार

आज नियम मोडला असता.

तिच्या बहिणीचं लिखाण सापडलं. दरवर्षी त्याच तारखेला ती चार ओळी लिहिते. चेहरा, उंची, कपडे, ‘कुणी पाहिलं असेल तर’. मजकूर जवळजवळ तोच. एका वर्षी फक्त एक शब्द बदललाय, ‘पाहिलं असेल तर’च्या जागी ‘माहीत असेल तर’. कितवं वर्ष ते मी मोजलं. सहावं. सहाव्या वर्षी तिने जिवंत बहीण शोधणं सोडलं असावं. किंवा काहीच नसेल, सहज बदलला असेल शब्द. मला सगळ्याचाच पुरावा दिसायला लागलाय.

मी लिहायला घेतलं. ‘ताई, तुम्ही मला ओळखत नाही.’ पुढे काय लिहायचं? ब्लाउजला बटणं कसली होती, एवढं विचारावं. तेवढ्याने काय बिघडतं, एक साधा प्रश्न. वीस मिनिटं ती एक ओळ समोर ठेवून बसले. बटणांबद्दल विचारणाऱ्या बाईकडे ब्लाउज आहे, हे कळायला त्या बहिणीला किती सेकंद लागतील? पुसून टाकली.

पुसली खरी, पण चांगुलपणा म्हणून नाही. बैठकीतून काढतील ही भीती आधी आली.

सोमवार

कालच्या बैठकीत मी फार बोलले नाही. काकांनी नवीन केस आणली होती. मला त्यात रस घेता येईना. डोक्यात एकच, उत्तर कधी येणार. मधे कुणीतरी कॅलेडोनियाचा विषय काढला. न्यूयॉर्क राज्यातल्या मक्याच्या शेतात १९७९ च्या नोव्हेंबरात सापडलेली मुलगी. लाल जॅकेट, अंगावर उन्हाचे पट्टे, त्या मोसमात तिकडे न पडणारं ऊन. पुढे कपड्यांतले परागकण तपासले तेव्हा त्यांतूनही उबदार प्रदेशाचीच दिशा मिळाली. तरी नाव पटलं २०१५ मध्ये, ती फ्लोरिडाची निघाली. एवढी वर्षं का लागली? ती बेपत्ता असल्याची नोंदच कुठे उरलेली नव्हती. २०१४ मध्ये ती नव्याने झाली आणि काही आठवड्यांतच एका माणसाने दोन्ही चेहरे जुळवले, कार्ल कॉपेलमन. त्याने त्या मुलीचं चित्र आधी स्वतःच काढलेलं होतं. पेशाने हिशेबनीस. ही गोष्ट मला या छंदात आल्यापासून पाठ आहे. हिशेबनीस! काल ती ऐकताना कानशिलं तापली. मला कॉपेलमन व्हायचं होतं, आणखी काही नाही.

बुधवार

उत्तर आलं. दुपारी, काम करत असताना. दोन ओळी. दातांच्या नोंदींवरून सदर व्यक्ती वगळण्यात आली आहे. माहितीबद्दल आभार.

माझ्या तोंडून ‘च्च’ निघालं. मोठ्याने. शेजारच्या टेबलावरून विचारलं, काय झालं गं? म्हटलं, आकडा जुळला नाही.

हे नीट लिहून ठेवायचंय, म्हणून रात्री बसले. मला दुःख झालं. एक बाई त्या रानात मेलेली नाही, तिची कवटी ओहोळात घरंगळली नाही, जनावरांनी तिची बोटं नेली नाहीत, हे कळल्यावर मला दुःख झालं. दहा-बारा दिवस मी ती मेलेली असावी अशी इच्छा धरून होते. तसं शब्दांत कधी म्हटलं नाही. ‘मॅच लागू दे’ म्हणत होते. पण मॅच लागणं म्हणजे दुसरं काय?

नर्सताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘बरं झालं की गं.’

‘कुणासाठी बरं?’

त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘हाताचं तू शेवटी लिहिलं होतंस ना?’ पाठवताना मी सगळ्यांना प्रत दिली होती. मला वाटलं कुणाच्या लक्षात आलं नसेल.

शुक्रवार

सांगाड्याच्या नोंदीत खाली एक यादी असते, वगळलेल्यांची. आजवर या हाडांशी ताडून पाहिलेली आणि न जुळलेली माणसं. पहिल्यांदा मी ती यादी वाचली तेव्हा कामाची सोय म्हणून वाचली, या सहा नावांवर वेळ घालवू नये म्हणून. आज सातवं नाव लागलंय. माझ्यामुळे.

आज ती सातही नावं एकेक करून उघडली. सात फोटो, सात घरं. कदाचित कुणाच्या तरी घरी फोन गेला असेल, ‘तुमच्याकडे दातांचा काही कागद आहे का?’ कागद शोधताना कपाट उपसलं गेलं असेल. मग परत फोन, ‘ती ही नाही.’ आणि त्यानंतर फोन ठेवून त्या माणसाने नेमकं काय केलं असेल, हे मला कितीही प्रयत्न केला तरी डोळ्यांपुढे आणता येत नाही.

तिच्या नोंदीत वयाची दोन खाती आहेत. बेपत्ता झाली तेव्हाचं, आणि आत्ताचं. आत्ताचं कुणी लिहीत नाही, ते आपोआप बदलतं. मागच्या आठवड्यात मी पाहिलं तेव्हा तिथे ४७ होतं. आज ४८ आहे. मधल्या एखाद्या दिवशी, मी बटणांचा विचार करत बसले असताना, तिचा वाढदिवस होऊन गेला.